हिजाब, नकाब किंवा पदरावरून अडवलं तर काय करायचं: नागपूरकरांसाठी

बुरख्यावर सरसकट बंदी घालणारा कायदा भारतात नाही. तो घालायलाच हवा असं सांगणाराही नाही. महाराष्ट्राने तसा वेगळा कायदा केलेला नाही. त्यामुळे कॉलेजच्या गेटवर किंवा बँकेच्या काउंटरवर कुणी 'कायद्यानेच मनाई आहे' म्हणालं, तर ते वाक्य तिथल्या तिथे चूक धरून चला. तिथे फार तर नियम असतो. तो संस्थेचा, परीक्षा घेणाऱ्यांचा किंवा एखाद्या खात्याचा असतो, आणि त्याच्याविरुद्ध दाद मागायची जागा ठरलेली असते. अनेकदा तोही नसतो, फक्त गार्डला कुणीतरी तोंडी सांगितलेलं असतं.

ज्यांना डोकं किंवा चेहरा झाकायचा आहे आणि कुणी अडवतंय, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. ज्यांना झाकायचं नाही आणि घरचे सक्ती करतायत, त्यांच्यासाठीही. दोघींचा हक्क एकाच ठिकाणाहून येतो. अंगावर काय घालायचं हे ठरवणं अनुच्छेद १९(१)(क) खालच्या अभिव्यक्तीत बसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात म्हटलं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा अनुच्छेद २१ मध्ये आणून बसवला. अनुच्छेद २५ धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतो, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. भांडणं बहुतेक या शेवटच्या अटीवरून होतात.

वाद घालण्याआधी

पहिला प्रश्न: अडचण डोक्याच्या कापडाची आहे की चेहऱ्याच्या? चेहरा उघडा ठेवणारा हिजाब, स्कार्फ, डोक्यावरची ओढणी किंवा पदर हे एक प्रकरण, चेहरा झाकणारा नकाब हे अगदी दुसरं. बोहरा बायकांचा रिदा चेहरा उघडा ठेवतो, म्हणून तो पहिल्यात मोडतो. न्यायालयं या दोन्हींना वेगळी वागणूक देतात. जिथे ओळख पटवणं हे कामच आहे (मतदान, परीक्षा, बँक, विमानतळ) तिथे चेहरा दाखवायला नकार देऊन काही हाती लागत नाही. तो कुणासमोर आणि कुठे दाखवायचा, एवढं मात्र मागता येतं. अर्जात 'बुरखा' लिहायचं आणि अंगावर नुसता स्कार्फ, असं झालं तर समोरचा वकील त्याच शब्दावर तुम्हाला अडकवतो. जे घातलं तेच लिहा.

दुसरा: नियम कोणाचा? सरकारी आणि अनुदानित संस्थांवर मूलभूत हक्कांचं बंधन थेट येतं. खासगी दुकान, खासगी कंपनी, हाउसिंग सोसायटी यांच्यावर ते तसं येत नाही.

तिसरा: कागद आहे का? परिपत्रक, माहितीपुस्तिका, प्रवेशाच्या वेळी सही केलेलं हमीपत्र यांपैकी काहीतरी मागा. प्रवेशाच्या गर्दीत हमीपत्र न वाचता सही होते आणि पुढे तीच सही न्यायालयात दाखवली जाते. सही करण्याआधी झेरॉक्स किंवा निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कॉलेज आणि शाळा

इथे निकाल उलटसुलट आहेत आणि व्हॉट्सअपवर ते अर्धेच फिरतात, म्हणून नीट सांगतो.

कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ ला गणवेशाबाबतचा सरकारी आदेश वैध ठरवला आणि हिजाब ही इस्लाममधली अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही असं म्हटलं. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचं मत फुटलं. न्या. हेमंत गुप्ता यांनी अपिलं फेटाळली, न्या. सुधांशू धुलिया यांनी मंजूर केली. प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. फुटलेल्या मताने देशभराचा नियम होत नाही, आणि कर्नाटकचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही. आपलं नागपूर खंडपीठ मुंबई उच्च न्यायालयाचं, तेव्हा आधी मुंबईचे निकाल बघायचे.

ते विद्यार्थिनींना फारसे अनुकूल नाहीत, हे आधीच कळलेलं बरं. २००३ मध्ये मुंबईतल्या फक्त मुलींच्या शाळेतली एक विद्यार्थिनी डोक्यावर स्कार्फ मागत होती, तिची याचिका फेटाळली गेली. २६ जून २०२४ ला चेंबूरच्या कॉलेजमधल्या नऊ विद्यार्थिनींची याचिकाही फेटाळली गेली. ड्रेस कोड सगळ्या धर्मांच्या मुलांना सारखा लागू आहे, हा त्यातला मुख्य मुद्दा. पण पुढचं पाऊल महत्त्वाचं. ९ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या कॉलेजच्या परिपत्रकातल्या हिजाब, टोपी आणि बिल्ल्यांवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. त्याच आदेशात वर्गात बुरखा घालता येणार नाही, हेही स्पष्ट केलं. तो आदेश त्या एका कॉलेजच्या परिपत्रकाबाबतचा आणि अंतरिम आहे. अर्जात त्याचा आधार घ्या, पण आधी सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर प्रकरणाची आजची स्थिती बघून घ्या.

यातून कामाचं निघतं ते असं: चेहरा उघडा ठेवणाऱ्या स्कार्फसाठी लढायला जागा आहे, वर्गात चेहरा झाकण्यासाठी जवळजवळ नाही. नकाब घालणाऱ्या मुलीने कॉलेजकडे गेटपासून लेडीज कॉमन रूमपर्यंतची मुभा आणि तिथे तो काढून ठेवायला कुलूप लागणारं कपाट मागावं. ही मागणी बहुतेक प्राचार्य वाद न घालता मान्य करतात, कारण त्यांना त्यात काही गमवावं लागत नाही.

गेटवर अडवल्या दिवशी परत घरी जाऊ नका. सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. ७५ टक्के हजेरीची अट असते, आणि पंधरा दिवस घरी बसल्यावर मूळ वाद बाजूला पडून हजेरीचा वाद सुरू होतो. गेटवर थांबा, सांगणाऱ्याचं पद विचारा, वेळ लिहा, ऑफिसात जाऊन अर्ज द्या. स्कार्फ काढून वर्गात बसायचं ठरवलंत तर अर्जात 'हरकत नोंदवून, नुकसान टाळण्यासाठी' एवढे शब्द घाला. न बसायचं ठरवलंत तर 'प्रवेश नाकारल्यामुळे अनुपस्थित' असं त्याच दिवशी लेखी द्या. दुसऱ्या दिवशी दिलेल्या अर्जाला तेवढं वजन राहत नाही.

अर्ज एका पानाचा, असा:

*प्रति, प्राचार्य. विषय: डोक्यावरील स्कार्फबाबतच्या नियमाची प्रत मिळणे व तोपर्यंत हजेरी अबाधित ठेवणे.*
*महोदय, मी आपल्या महाविद्यालयात (वर्ग, हजेरी क्रमांक) शिकते. दि. … रोजी सकाळी … वाजता मुख्य प्रवेशद्वारावर (पद) यांनी स्कार्फ काढल्याशिवाय आत जाता येणार नाही असे सांगितले. त्या वेळी माझा चेहरा पूर्ण उघडा होता व ओळखपत्र गळ्यात होते. (१) ज्या नियमानुसार हे सांगण्यात आले त्याची प्रत व तो मंजूर झाल्याची तारीख कळवावी. (२) ओळख पटवण्यासाठी महिला कर्मचाऱ्यासमोर स्कार्फ बाजूला करून कान व चेहरा दाखवण्यास मी तयार आहे. (३) गणवेशाच्याच रंगाचा स्कार्फ वापरण्याची परवानगी द्यावी. (४) निर्णय होईपर्यंत माझी हजेरी व अंतर्गत गुण यांना बाधा येऊ नये.*

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. आवक विभागाने घ्यायला नकार दिला तर त्याच दिवशी ई-मेल करा आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. अर्जात कुराणातल्या आयती किंवा निकालांचे लांबलचक उतारे घालू नका. प्राचार्यांना त्यावर निर्णय देता येत नाही आणि मूळ मागणी त्यात बुडते. तिसरी मागणी, गणवेशाच्या रंगाची, मात्र वगळू नका. न्या. धुलियांसमोरच्या युक्तिवादांतही ती होती, आणि 'आम्ही गणवेश मोडत नाही' हे दाखवायला तिच्याइतकं सोपं काही नाही.

उत्तर आलं नाही तर पदवी कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनी ती प्रत्येक संस्थेत सक्तीची केली आहे, आणि अल्पसंख्याक किंवा महिला म्हणून भेदभाव झाल्याची तक्रार तिच्या कक्षेत येते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करायचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी लोकपाल विद्यापीठ पातळीवर असतो. अकरावी-बारावीला यूजीसी लागू नाही. तिथे शिक्षण उपसंचालक, नागपूर, आणि शाळेसाठी जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी.

अनुदानित किंवा सरकारी कॉलेजचा नियम खरंच मंजूर झाला आहे का, हे माहिती अधिकारातून काढता येतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. 'ड्रेस कोड मंजूर झालेल्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत' एवढंच मागा. 'बंदी का घातली' विचारलंत तर 'कारणं देणं माहितीत येत नाही' असं उत्तर येतं, आणि महिना वाया जातो.

एक युक्तिवाद इथे सगळ्यांना सुचतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा अर्ध्या नागपूरचे चेहरे स्कार्फमध्ये असतात. धरमपेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत गाडीवरच्या पोरींचे फक्त डोळे दिसतात. तो स्कार्फ चालतो, मग हा का नाही? गेटवर हा मुद्दा बिनतोड आहे. समान वागणुकीसाठी तो लेखीही मांडता येतो, पण कॉलेजच्या आवारात तो स्कार्फ प्रत्यक्षात चालू दिला जात असेल तरच. नाहीतर संस्था दुसऱ्या दिवशी दोन्हींवर बंदी घालते आणि नियम सगळ्यांना सारखा असल्याचं सांगते. न्यायालयात तेच उत्तर टिकतं.

परीक्षा केंद्र

केंद्रावरची शंका बहुतेक वेळा धर्माची नसते. कापडाआड कानात ब्लूटूथ नाही ना, आणि हॉल तिकिटावरचीच मुलगी आहे ना, एवढंच बघायचं असतं. म्हणून आपणच आधी सांगितलं की 'महिला पर्यवेक्षकांसमोर कान दाखवते', तर नव्वद टक्के ताण तिथेच संपतो.

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या माहितीपुस्तिकेत पारंपरिक किंवा धार्मिक पोशाखात येणाऱ्यांनी गेट बंद होण्याच्या निदान एक तास आधी पोहोचावं असं गेली काही वर्षं छापलेलं असतं. दुपारी दोनच्या पेपरला गेट दीडला बंद झालं, म्हणजे साडेबाराला हजर. तुमच्या वर्षाची पुस्तिका डाउनलोड करा, ते पान छापून हॉल तिकिटासोबत ठेवा. गार्डने ते वाचलेलं नसतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१५ आणि २०१६ मध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेला स्कार्फ आणि पूर्ण बाह्यांची परवानगी दिली ती लवकर येणे आणि महिलेकडून झडती या अटींवरच. उलट सर्वोच्च न्यायालयाने त्याच २०१५ मध्ये सरसकट सूट मागणारी याचिका ऐकायला नकार दिला होता. म्हणजे वेळेची अट पाळली तरच हक्क हातात राहतो; सव्वाला पोहोचून वाद घालणाऱ्या मुलीचा पेपर जातो.

कपड्याचं: धातूचं काही नको. टाचण्या, ब्रोच, सेफ्टी पिन, चुंबकाचं बटण यांपैकी काहीही असलं की मेटल डिटेक्टर वाजतो आणि सगळं पुन्हा सोडावं लागतं. अबायाला चेन किंवा प्रेस बटण असेल तर तो त्या दिवशी नको. होजिअरीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा, साधारण १७० बाय ६० सेंटिमीटरचा एकरंगी स्टोल घ्या. आत सुती टोपी. स्टोल डोक्यावर असा टाका की एक बाजू एक तृतीयांश आणि दुसरी दोन तृतीयांश राहील. लांब बाजू हनुवटीखालून नेऊन डोक्यावरून फिरवा आणि टोक कानशिलाजवळच्या घडीत खोचा. पिनेशिवाय तीन तास बसतो. जॉर्जेट किंवा सॅटिन वापरलंत तर अर्ध्या तासात सरकू लागतो आणि सारखा हात डोक्याकडे जातो, जे पर्यवेक्षकाला आवडत नाही.

बोर्डाच्या परीक्षेत बुरख्याला बंदी घाला अशी मागणी २०२५ च्या जानेवारीत राज्याच्या एका मंत्र्यांनी केली होती. मागणी म्हणजे नियम नव्हे. केंद्रप्रमुखांनी तिचा दाखला दिला तर मंडळाचं परिपत्रक मागा.

ओळखपत्र, फोटो, मतदान

पासपोर्टच्या फोटोत धार्मिक कारणासाठी डोकं झाकलेलं चालतं. अट एकच, हनुवटीच्या टोकापासून कपाळाच्या वरपर्यंत आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडा दिसल्या पाहिजेत. फोटो नाकारला जातो तो बहुतेक वेळा स्कार्फमुळे नाही, त्याच्या सावलीमुळे किंवा रंगामुळे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा किंवा फिका स्कार्फ मिसळून जातो. गडद, बिननक्षीचा घाला, पुढची कड केसांच्या रेषेपर्यंत मागे घ्या. पासपोर्ट सेवा केंद्रात फोटो तिथेच काढतात, म्हणून हे घरून निघतानाच बघायचं.

आधारमध्येही धार्मिक शिरोवस्त्र चालतं, चेहरा झाकलेला चालत नाही. ऑपरेटर 'सॉफ्टवेअर घेत नाही' म्हणाला तर चष्मा काढा, स्कार्फ कपाळावरून बोटभर मागे घ्या आणि पुन्हा काढायला सांगा. तरी नकार दिला तर १९४७ वर तक्रार.

मतदान केंद्रावर चेहरा पाहिल्याशिवाय मत देता येत नाही. मतदार यादीतल्या फोटोला विरोध करणारी याचिका मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्येच फेटाळली आहे. पण निवडणूक नियम १९६१ च्या नियम ३४ मध्ये महिला मतदारांच्या मदतीला महिला कर्मचारी नेमायची तरतूद आहे. रांगेत असतानाच पहिल्या मतदान अधिकाऱ्याला सांगा, म्हणजे तिला बोलावता येईल. उमेदवाराच्या प्रतिनिधीला तुमचा नकाब उचलायचा कसलाही अधिकार नाही. त्याला शंका असेल तर ती त्याने केंद्राध्यक्षाकडे मांडायची. डाव्या हाताचा मोजा आधीच काढून ठेवा, शाई लावायची असते.

बँकेत केवायसीच्या वेळी फोटोशी चेहरा जुळवणं योग्यच आहे. महिला कर्मचारी आणि बाजूची केबिन मागा. विमानतळावर महिलांची झडती पडद्याआडच्या केबिनमध्ये महिला जवानच घेते, तिथे वेगळं काही मागावं लागत नाही. गेटवर ओळखपत्र तपासताना मात्र पुरुष जवान असतो, तेव्हा महिला जवानाला बोलवायला सांगा आणि त्यासाठी दहा मिनिटं हाताशी ठेवा.

गाडी, लॅब, ऊन

हेल्मेटमधून सूट फक्त पगडी घालणाऱ्या शिखांना आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये. हिजाबला नाही, पदराला नाही, आणि मागे बसणारीलाही नाही. हेल्मेट घ्यायला जाताना रोजचा स्कार्फ बांधूनच जा आणि भुवयांच्या वर बोटभर अंतरावर टेपने घेर मोजा. कापडाने माप वाढतं आणि घरी मोजलेलं हेल्मेट मग बसत नाही. मानेवर गाठ नको, उंच अंबाडा नको, केसांना फुगवटा देणारा मोठा स्क्रंची तर अजिबात नको, कारण त्याने हेल्मेट मागून उचललं जातं आणि पडताना पुढे घसरतं. पट्टा हनुवटीखाली घट्ट, सैल कापडावरून नाही.

मागच्या चाकात ओढणी, पदर किंवा बुरख्याचा घोळ जाण्याचे अपघात शहरात नेहमीचे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण असायलाच हवं, आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते. पोरं दिसायला बरं नाही म्हणून काढून टाकतात. बायकोला, बहिणीला मागे बसवणार असाल तर आजच परत लावा.

रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सुती स्कार्फच हवा, टोकं ॲप्रनच्या आत. नायलॉन आणि पॉलिस्टर बर्नरजवळ वितळून कातडीला चिकटतं. 'लॅबमध्ये मोकळी टोकं नकोत' हा नियम सुरक्षेचा आहे, त्यावर भांडू नका. 'लॅबमध्ये स्कार्फच नको' यावर जरूर भांडा.

कुणी ओढलं, हात लावला तर

रस्त्यावर, बसमध्ये, कॅम्पसमध्ये कुणी हिजाब, नकाब किंवा ओढणी खेचली, तर तो गुन्हा आहे, खेचणारा कितीही भल्या हेतूच्या गप्पा मारो. आधी ११२. जवळच्या ठाण्यात जा. हद्द कुठलीही असो, भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार घ्यावीच लागते आणि प्रत मोफत मिळते. विनयभंगासारख्या गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो.

तक्रारीत कलमं लिहायच्या मागे लागू नका, कृती लिहा. 'अपमान केला' एवढंच लिहिलंत तर किरकोळ कलम लागतं. 'उजव्या हाताने कपाळाजवळ धरून स्कार्फ खेचला, पिन मानेला लागली, तोंडाने असं असं बोलला' असं लिहिलंत तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७४ (विनयभंगाच्या हेतूने बळाचा वापर, एक ते पाच वर्षं) आणि ७९ (शब्द किंवा हावभावाने स्त्रीचा अपमान) यांना आधार मिळतो. कपडे उतरवण्याच्या हेतूचं कलम ७६ नुसत्या स्कार्फला लागेल की नाही यावर पोलीस वाद घालतील. घालू द्या, हेतू काय दिसत होता ते तुमच्या जबाबात आलं की पुढे वकील बघतो. धर्मावरून शिवी दिली असेल तर तिचे नेमके शब्द हवेत, 'घाणेरडं बोलला' नको. ओरखडा असेल तर त्याच दिवशी मेयो किंवा मेडिकल रुग्णालयात नोंद करून घ्या. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून दुकानदाराला किंवा संस्थेला ते जपून ठेवायचा अर्ज चोवीस तासांच्या आत द्या.

ठाण्याने तक्रार घेतली नाही तर संबंधित पोलीस उपायुक्तांकडे लेखी, आणि तिथेही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. नकाबाशिवायचे फोटो पसरवायची धमकी असेल तर स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि खात्याचं नाव दिसेल असं बघा, चॅट डिलीट करू नका आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांच्या विभागात नोंदवा. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीचा आहे.

सक्ती घरातूनच असेल तर

मोमिनपुऱ्यातली सून असो की इतवारीतल्या घुंघट पाळणाऱ्या घरातली, किंवा सासऱ्यांसमोर डोक्यावरून पदर ढळला म्हणून रोज ऐकून घेणारी, कायदा एकच आहे. कपडा स्वतः ठरवला तर तो तुमचा. न घातल्यास मारहाण, खर्चाचे पैसे बंद, नोकरी बंद, माहेरी जायला बंदी असं सुरू झालं की तो कौटुंबिक हिंसाचार ठरू शकतो. २००५ च्या कायद्यात शारीरिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. तो नवऱ्यापुरता नाही. वडील, भाऊ, सासू यांच्याविरुद्धही वापरता येतो. न्याय संहितेचं कलम ८५ (जुनं ४९८अ) मात्र फक्त नवरा आणि त्याच्या नातेवाइकांना लागतं. माहेरच्या सक्तीवर ते चालत नाही, हे अनेकींना ठाण्यात गेल्यावर कळतं.

अठरा वर्षांखालच्या मुलीला आईवडील काय घालायला लावतात, यात कायदा सहसा शिरत नाही. कोंडणं, मारणं, शाळा सोडायला लावणं, लग्न लावून देणं इथे शिरतो: १०९८.

प्रौढ बाईसाठी क्रम असा ठेवा. आधार, मार्कशीट, पासबुक, लग्नाचा दाखला यांचे फोटो विश्वासातल्या माणसाकडे पाठवा. धमक्यांचे मेसेज ठेवा. १८१ वर बोला, किंवा नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये जा. तिथे आधी समुपदेशन होतं. समेट करायचा नसेल तर तसं पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तारखा पडत राहतात. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात. म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेशाची मागणी त्याच अर्जात घाला. मागण्यांत 'विशिष्ट पोशाखाची सक्ती करू नये, नोकरीला जाण्यास अडवू नये' असं स्पष्ट शब्दांत हवं. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, पण मोडला काय हे मोजता येण्यासारखं लिहिलेलं असेल तरच.

नोकरी आणि देऊळ

सरकारी नोकरीत अनुच्छेद १६ पाठीशी असतो. गणवेशधारी दलांत मात्र शिस्त वरचढ ठरते. हवाई दलातल्या दाढीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तेच म्हटलं. शिक्षिकांसाठी राज्याने मार्च २०२४ मध्ये साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता-दुपट्टा असा पोशाख सांगितला. दुपट्टा त्यातच आहे, तेव्हा तो डोक्यावरून घेण्यावर वाद झाला तर तो शब्द दाखवा. खासगी नोकरीत धर्मावरून भेदभावाविरुद्ध सरळ दाद देणारा कायदा आपल्याकडे तोकडा आहे. म्हणून नेमणूकपत्रावर सही करण्याआधी ई-मेलवर विचारून घ्या: 'मी डोक्यावर स्कार्फ घेते, ड्रेस कोडला हरकत नाही ना?' होकाराची एक ओळ पुढे फार उपयोगी पडते.

मे २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चार देवळांनी, त्यात धंतोलीचं गोपाळकृष्ण मंदिरही होतं, तोकड्या कपड्यांवर बंदीचे फलक लावले. असा फलक विश्वस्तांचा नियम असतो. तो मोडणं गुन्हा नाही. फार तर आत सोडत नाहीत. फलकावर काय लिहिलं आहे तेवढंच लागू, दारातल्या स्वयंसेवकाला त्यात भर घालता येत नाही. तक्रार विश्वस्त मंडळाकडे, मग धर्मादाय कार्यालयाकडे.

परदेशी जाताना

फ्रान्समध्ये सार्वजनिक जागी चेहरा झाकायला एप्रिल २०११ पासून बंदी आहे, दंड १५० युरोपर्यंत. डोक्यावरचा स्कार्फ रस्त्यावर चालतो. सरकारी शाळेत २००४ पासून चालत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२५ पासून चेहरा झाकल्यास हजार फ्रँकपर्यंत दंड. डेन्मार्क, ऑस्ट्रिया, बेल्जियम इथेही तसंच. इराणला झियारतसाठी (धर्मस्थळांच्या यात्रेसाठी) किंवा फिरायला जाणाऱ्या प्रत्येक बाईला, कुठल्याही धर्माची असो, डोकं झाकायला सांगणारा कायदा आहे.

वकील आणि खर्च

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे कलम दाखवा. जिल्ह्याचं प्राधिकरण सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात आहे, उच्च न्यायालयाच्या कामासाठी खंडपीठाची वेगळी विधी सेवा समिती आहे, फोनवर १५१००. सोबत न्या: शिक्का असलेला अर्ज, संस्थेचं परिपत्रक किंवा हमीपत्र, ओळखपत्र, हजेरीचा तक्ता, तारीखवार काय घडलं त्याचं एक पान. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर याचिका पालकामार्फत करावी लागते, म्हणून आई किंवा वडील सोबत हवेत.

आणि परीक्षा जवळ असेल तर ती तारीख वकिलाला पहिल्या वाक्यात सांगा, कागद उघडायच्या आधी. तातडीची सुनावणी त्या तारखेवर मागावी लागते, आणि पेपर होऊन गेल्यावर अंतरिम दिलासा मागायला फारसं काही उरत नाही.